मोनालीची तयारी

"हात कुठे ठेवशील?"

"मांडीवर."

"आणि नखं?"

"नाही खायची."

"सरानं काही विचारलं तं?"

"पहिले पुरं ऐकायचं. मंग 'सर' म्हणायचं. मंग उत्तर."

"आणि त्या बाईचं?"

मी तिच्या डाव्या वेणीला रिबन बांधत होते. आमच्याकडे मुलींजवळ रिबन, नाडी, ओढणी असलं काही ठेवू देत नसत. ही रिबन माझ्या कपाटातली होती आणि काम झालं की कपाटातच परत जाणार होती. मी गाठ जरा ओढून मारली, तसं तिचं डोकं मागे आलं.

"त्या बाईचं काय, मोना?"

"काही नाही सांगायचं."

"शाबास," मी म्हटलं.

आठ-नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा त्रेचाळीसची होते आणि अंगात काम करायची हौस भरपूर होती. आमच्या संस्थेचं कागदावरचं नाव 'सुरक्षित स्थान'. रिक्षावाले 'पोरींची जेल' म्हणत आणि आम्ही तिथे काम करणाऱ्या बाया नुसतं 'होम' म्हणत असू. तीन खोल्या, एक व्हरांडा, मागे अंगण आणि हौद. सोळा-सतरा वर्षांच्या, मोठ्या गुन्ह्यात सापडलेल्या मुली तिथे यायच्या. कधी तीन असत, कधी पाच.

माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'काळजीवाहक' असा शब्द होता. मी दहावी केली तिसाव्या वर्षी, बाहेरून. बाकी जे येतं ते वाचून आलेलं. किराण्याच्या पुड्या, रद्दीतली मासिकं, गोळ्यांच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी. कोणत्या गोळीने तोंड सुकतं आणि कोणत्या गोळीने वजन वाढतं, हे मला त्या चिठ्ठ्यांवरून पाठ होतं. त्यामुळे मनाच्या आजारातलं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता.

मोनाली दोन महिन्यांपूर्वी आली होती. सतरा वर्षांची, गव्हाळ, बारकी. तिने चुलतबहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला पाणी साठवायच्या सिमेंटच्या टाक्यात टाकलं होतं. मूल गेलं. पोलीस आले तेव्हा ती टाक्याशेजारीच बसलेली होती आणि विचारलं तेवढं तिने सगळं सांगितलं. का केलं, एवढं सोडून.

आता तिचं काय करायचं, हे बाल न्याय मंडळ ठरवणार होतं, आणि ते ठरणार होतं डॉक्टरांच्या एका कागदावर. केस मंडळाकडेच राहिली तर जास्तीत जास्त तीन वर्षं आमच्याकडे, मग घर. वरच्या कोर्टात गेली तर मोठ्या बाईसारखा खटला, मोठी शिक्षा, आणि एकवीस पूर्ण झाली की खरीखुरी जेल. हे मोनालीलाही सांगितलेलं होतं. मला त्यातलं एवढंच कळलं की कागद चांगला यायला हवा.

आणि चांगलं मत कसं घ्यायचं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या तीन पुतण्या माझ्या हाताखालून पहिल्याच बैठकीत पसंत झालेल्या. कसं बसायचं, किती बोलायचं, कोणतं दुखणं-खुपणं पाहुण्यांसमोर काढायचं नाही, हे सगळं मी त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. एकीला फिट यायच्या. तिचं लग्न होऊन दोन मुलं आहेत.

बाईचं मला कळलं ते असं. मोनाली येऊन पंधराएक दिवस झाले होते. आम्ही दोघी अंगणात चादरी धुवायला गेलो, तर ती हौदापासून दहा पावलांवर उभी राहिली.

"ये ना इकडे."

"मावशी, तिथं बाई बसली आहे. तिले उठवा ना."

हौदाच्या काठावर कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बसू दे तिले. आपण बादलीत धुऊ." आणि आम्ही बादलीत धुतल्या.

यात मला काही विशेष वाटलं नाही, हे आता लिहायला लाज वाटते. पण माझ्या आईच्या अंगात यायचं. दर मंगळवारी, आरती झाली की. हरवलेली म्हैस, पोरीचं लग्न, असले प्रश्न घेऊन बाया यायच्या. आई घोगऱ्या आवाजात उत्तरं द्यायची, आणि मग उठून भाकरी थापायला लागायची. आम्हा भावंडांना त्याचा अभिमानच होता. फक्त शिकलेल्या माणसांपुढे बोलायचं नाही, एवढं आम्हाला बजावलेलं असे.

"काय म्हणते तुई बाई?" मी चादर पिळता पिळता विचारलं.

"काय करायचं ते सांगते."

"आणि तू करते?"

"सांगतल्यावर करावंच लागते ना."

"त्या दिवशी पण तिनंच सांगतलं काय?"

मोनालीने चादरीचं दुसरं टोक धरलं होतं. ते तिने सोडलं नाही. "त्याले गरमी होऊन राहिली, पाण्यात सोड म्हणे."

मी पुढे विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हटलं, "हे कोणाले सांगू नको. येडी म्हणतील. तो शिक्का बसला की जलमभर पुसत नाही."

"आणि जेलचा पुसते काय?"

"जेलचं कोणाच्या ध्यानातही राहत नाही," मी ठासून सांगितलं. कुठून आणलं होतं मी हे, देव जाणे.

तर त्या बुधवारी वेण्या घालून मी तिला डॉक्टरांसमोर नेलं. डॉक्टर हेडाऊ सरकारी दवाखान्यातून एक बुधवार सोडून एक बुधवार यायचे. मुलीला तपासताना खोलीत बाई लागते, म्हणून मी दाराशी स्टुलावर बसले.

"आज वार कोणता?"

"बुधवार, सर."

"शंभरातून सात गेले तर?"

"त्र्याण्णव, सर."

"त्यातून सात?"

"शहाऐंशी."

हे मी शिकवलेलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"लहान मूल पाण्यात बुडालं की मरतं, हे तुला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो, सर."

"तसं करायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मोनालीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. तिनेही तिचे हात नीट ठेवले.

"नाही, सर."

"कोणी दिसतं का, इतरांना न दिसणारं? कोणाचा आवाज?"

"नाही, सर."

"मग का केलंस?"

याची तयारी झाली नव्हती. माझ्या पुतण्यांना कोणी 'का' असं विचारलंच नव्हतं.

"चुकलं, सर," मोनाली म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुष्कळ काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "बरोबर झालं?"

"एक नंबर," मी म्हटलं, आणि माझ्या डब्यातला अर्धा पेरू तिला मीठ लावून दिला.

शनिवारी लखोटा आला. आमच्या अधीक्षक बोंद्रे मॅडम तो वाचत होत्या आणि मी चहा घेऊन उभी होते, म्हणून त्यांनी मोठ्याने वाचला. "वेळ-काळाचं भान पूर्ण. बुद्धी सर्वसाधारण. कृत्याचे परिणाम समजण्याची क्षमता आहे. मानसिक आजाराची लक्षणं आढळली नाहीत."

"म्हणजे पसंत पडली," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला. "काय पडली?"

"चांगला आला ना कागद."

"बेबीताई, हा कागद म्हणतो की तिने जे केलं ते समजून-उमजून केलं, मोठ्या माणसासारखं. शुक्रवारी तारीख आहे. मंडळ केस वर पाठवणार."

"पण सगळी उत्तरं बरोबर दिली तिनं."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या आणि चहा पुढे ओढला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि एक कढई घासायला घेतली. माझं काम नव्हतं ते. स्वयंपाकीण म्हणाली, "ती घासलेली आहे." मी तरी घासत राहिले.

दुपारी मोनालीला व्हरांड्यात गाठलं. "मोना, डॉक्टरले बाईचं सांगून दे."

"तुमीच तं म्हटलं नको सांगू."

"मी चुकली."

"आता हाव म्हणू तं मी खोटी ठरन." तिने भिंतीचा पोपडा नखाने काढला. "मावशी, तुमी एक ठरवून सांगा. एकडाव हे सांगता, एकडाव ते. बाई असं नाही करत. ती एकच सांगते."

मला तिची पहिल्यांदा भीती वाटली. का तिची नव्हतीच ती, कुणास ठाऊक. मी तिला काय करायचं ते सांगत होते आणि ती करत होती. दोन महिने मला याचंच कौतुक वाटत होतं.

डॉक्टर त्या आठवड्यात होममध्ये येणार नव्हते. सोमवारी मी रजा टाकून सरकारी दवाखान्यात गेले. मानसोपचाराच्या ओपीडीची रांग जिन्यापर्यंत आली होती. मी केसपेपर काढला, कारण त्याशिवाय आत सोडत नव्हते, आणि उभी राहिले. तासाभराने आमच्या गल्लीतली नलू हाडांच्या डॉक्टरकडे जाता जाता थांबली.

"बेबी? तू या लाइनीत?"

"मी दुसऱ्याच्या कामाले आली."

"हाव, सारे तसंच म्हणतात," ती म्हणाली आणि माझा दंड थोपटून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीत कोणाला कळायचं राहिलं नाही. पुढे वर्षभर लोक माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायचे.

आत गेले तर डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "बोला, झोप लागते का?"

"सर, मी होममधली बेबी. मोनालीचं सांगायचं होतं."

मी सगळं सांगितलं. हौद, चादरी, गरमी, वेण्या. आईचं मंगळवारचंही सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नोंदवहीत रोज काय लिहिता तुम्ही तिच्यापुढे?"

"झोप चांगली, जेवण पूर्ण, वागणूक चांगली."

"आणि बाकी मुलींपुढे?"

"तेच, सर. माझ्या आधीच्या बाई पण तेच लिहीत होत्या."

"मी ते वाचून तिला तपासलं," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला वीस मिनिटं मिळतात, बेबीताई. बाकीचे तेरा दिवस त्या वहीतच असतात."

"मग आता कागद बदला ना."

"तुमच्या सांगण्यावरून? कोणीही म्हणेल, बाईला पोरीचा लळा लागला आणि तिने गोष्ट रचली."

"नाही रचली, सर."

"ठीक. पण तुम्हाला खूश करायला तिने सांगितली असेल तर? 'तिनंच सांगतलं काय' हे आधी कोण म्हणालं? ती की तुम्ही?"

मीच म्हटलं होतं. चादर पिळता पिळता, सहज. आत येताना मला जे पक्कं माहीत होतं, ते आता तितकं पक्कं राहिलं नव्हतं. बाहेर शिपाई पुढचा नंबर ओरडत होता.

डॉक्टरांनी मंडळाला पत्र लिहिलं. नवी माहिती पुढे आली आहे, एक महिना निरीक्षणात ठेवावं लागेल. पत्र माझ्या हातात देताना म्हणाले, "तिला आता काही शिकवायचं नाही. 'हे सांग' नाही, 'ते सांगू नको' नाही. दिसेल ते लिहायचं. कळलं नाही तर कळलं नाही असं लिहायचं."

"सरकारी वहीत असं चालते काय?"

"चालवा."

मंडळाने महिना दिला. मॅडमनी मला मेमो दिला, नोंदींत हलगर्जीपणा केला म्हणून. खरंच होतं ते. मी सही केली.

त्या महिन्याइतकं मी आयुष्यात कधी लिहिलं नाही, आणि लिहिताना इतकी गोंधळलेही नाही. त्यातलं काही अजून आठवतं. 'ताटातले दोन घास बाजूला काढून ठेवले. कोणासाठी ते विचारलं नाही.' 'खिडकीपाशी हसली. का ते कळलं नाही.' 'मला म्हणाली, मावशी, आता सराला काय सांगू. मी काही सांगितलं नाही. रागावली. दिवसभर बोलली नाही.' वेणीही ती घालू देईना. जटा व्हायच्या बेतात आल्या.

अकराव्या दिवशी दुपारी मी तिला प्यायला पाणी दिलं. ग्लास हातात धरून ती उभीच राहिली. मी समोर बसून घड्याळ पाहत होते. पंचवीस मिनिटांनी ती म्हणाली, "बाई म्हणते, यात तो आहे." आणि ग्लास अलगद, एक थेंब न सांडता, जमिनीवर ठेवून दिला.

मला रडू आलं असतं, पण मी ठरवूच शकत नव्हते. ती खरं सांगत होती, की मला हवं ते मला देत होती? मी लिहिलं, 'असं म्हणाली. खरं की माझ्यासाठी, कळलं नाही.' पुढच्या बुधवारी डॉक्टरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. त्या महिन्यात ते दर बुधवारी आले. खुर्ची टाळून व्हरांड्यात फरशीवर बसायचे. पहिल्या दोन वेळा ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी केस मोकळे, नखं तोंडात, अशी बसली आणि आपणहून म्हणाली, "सर, ती तुमच्या मागं उभी आहे. जरा सरकून बसा." डॉक्टर खरंच सरकून बसले. मग दोन तास बोलत होते दोघं. मी ऐकू येणार नाही इतक्या लांब गेले, दिसेल इतक्या जवळ राहिले.

नवा कागद गेला. तारखेला मीच मोनालीला घेऊन गेले. मंडळाने केस आपल्याकडेच ठेवली, आणि पुढे निकाल लागला तो तीन वर्षांचा. होममध्येच, उपचारांसह. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाहेर बाकावर मोनालीची चुलतबहीण बसली होती, त्या मुलाची आई. बावीस-तेवीसची असेल. तिने मला विचारलं, "तुमी तिच्या कोण?"

"कोणी नाही. तिथं कामाले आहे."

"तिले औषध देणार म्हणे."

"हाव."

"आमाले नाही कोणी इचारलं, आमाले काय झालं म्हणून," ती म्हणाली, तेही अगदी साध्या आवाजात. मी जिंकून आल्यासारखी चालत होते ते तिथेच थांबलं. मोनालीचा हात धरून गाडीत बसले, आणि आपण नेमकं कोणाचं भलं केलं याचा विचार करत होमपर्यंत आले. ठरलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. हातावर गोळी, घोटभर पाणी, तोंड उघड, जीभ वर. पाणी प्यायला पहिले आठ दिवस मला तिच्यासोबत प्यावं लागलं. ती जाड झाली, दुपारी झोपायला लागली, चिठ्ठीत लिहिलं होतं तसं तोंड सुकायला लागलं. बोलणं मात्र हळूहळू जड झालं. आधी पटकन उत्तर द्यायची. आता विचारलं की थांबायची.

दोन महिन्यांनी एका दुपारी आम्ही मेथी निवडत होतो.

"मावशी, बाई गेली," ती म्हणाली.

"कधी?"

"मागच्या हप्त्यात. मी वाट पाह्यली. सर म्हणतात, ती नव्हतीच. माह्या डोक्यातच होती म्हणतात."

"बरं झालं ना मंग, मोना."

मला खरंच बरं वाटलं होतं. मी देठं एका बाजूला करत होते. डॉक्टरांना काय आनंद होईल, आज वहीत काय लिहायचं, हे मनात जुळवत होते.

"मंग मावशी," ती म्हणाली, "त्याले टाक्यात कोणं टाकलं?"

ती माझ्याकडे पाहत होती. नेहमीसारखी, मी सांगेन म्हणून. माझ्याकडे दोन-तीन उत्तरं तयार होती. आजारानं टाकलं. तुझा दोष नाही. झालं ते झालं. तिन्ही चांगली होती, आणि डॉक्टरांनी मला काही शिकवायचं नाही म्हणून बजावलेलंही आता संपलं होतं. मला एकही देता आलं नाही.

तिने हातातली मेथी खाली ठेवली. स्वयंपाकघरातून एकदा विचारणा झाली, भाजी होते आहे की नाही.

"आरुष," ती म्हणाली. आमच्याकडच्या कागदांत तो 'मयत बालक, वय चार' एवढाच होता. तिच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. "आरुषले मी टाकलं."

मी देठांकडे पाहिलं.

"मी टाकलं ना, मावशी?"

मी तिचा हात धरायला गेले, तो तिने मागे घेतला. तिला हात नको होता.

"मावशी, सांगा ना. मीच टाकलं ना?"

"हाव, मोना," मी म्हटलं.